कसरतीचं विमान कसं निवडावं

(कासुर्डी येथील स्मृती व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दौंड-शिरूर पट्ट्यातली मुलं डोक्यावरून जाणारी लढाऊ विमानं बघतच मोठी होतात. लोहगावचा हवाई तळ इथून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. आवाज आला की उसात खुरपणारा माणूसही कमरेवर हात ठेवून वर बघतो. म्हणून रिमोटवरच्या विमानांचा विषय निघाला की इथल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, सुखोई मिळेल का? कोलांट्या मारणारं?"

हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्यालाच दिलं आहे. हवाई कसरती करायच्या तर रिमोटवरचं विमान कोणतं घ्यायचं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विमान हलकं हवं, आपल्या हुकमात लुडबूड न करणारं हवं, आणि मोडलं तर इथल्या इथे आपल्या हाताने जोडता येणारं हवं. मोटर किती ताकदीची आणि रंग कोणता, हे त्यानंतर.

आधी सुखोईचं बघू. लढाऊ जेटसारख्या दिसणाऱ्या मॉडेलात बहुतेक वेळा नळीत बसवलेला छोटा पंखा असतो, त्याला डक्टेड फॅन म्हणतात. तो हवा वेगाने मागे फेकतो, पण थोडीच फेकतो. त्यामुळे वीज जास्त खातो, बॅटरी मोठी लागते, विमान जड होतं आणि त्याला उतरायला लांब, सपाट जागा लागते. शिवाय त्या पंख्याचा झोत शेपटीवरच्या हलत्या भागांना नीट लागत नाही. प्रोपेलरच्या विमानात तो लागतो. विमान हवेत जवळजवळ थांबलं तरी पुढचा प्रोपेलर शेपटीवरच्या रडर आणि एलेव्हेटरवर वारा मारत राहतो, म्हणून वेग संपला तरी हुकूम चालतो. कसरतीतल्या कितीतरी गोष्टी या झोताच्या जोरावरच होतात. ज्याला सुखोई हे नावच हवं त्याच्यासाठी एक चांगली बातमी आहे. त्याच रशियन कारखान्याने सुखोई-२६ नावाचं एका माणसाचं, प्रोपेलरचं विमान खास कसरतींसाठी बनवलं आणि ते १९८४ साली उडालं. त्याची मॉडेलं मिळतात. सुखोई हवं तर ते घ्या.

ज्याने अजून एकही विमान उडवलेलं नाही त्याने मात्र तेही घेऊ नये. त्याच्यासाठी ट्रेनर असतं. ट्रेनरचा पंख धडाच्या वर बसवलेला, दोन्ही टोकं किंचित उचललेली, आणि पंखाची खालची बाजू जवळपास सपाट. असा पंख भरपूर उचल देतो, सावकाश उडतो, आणि विमान एका अंगावर कललं तर आपलं आपण सरळ होतं. गाडीवानाला डुलकी लागली तरी सरावलेला बैल घराचा रस्ता सोडत नाही, तसं हे विमान. शिकणाऱ्याला अशा विमानाचा मोठा आधार असतो. रिमोटच्या दोन्ही काड्या सोडून दिल्या तरी पुढच्या काही सेकंदांत ते पंख समांतर करून चालू लागतं, आणि तेवढ्यात गोंधळलेलं डोकं जागेवर येतं.

हाच गुण कसरतीत आडवा येतो. लूप म्हणजे उभं वर्तुळ घेताना, रोल म्हणजे अंगाभोवती गिरकी घेताना, उलटं उडवताना विमान जिथे ठेवलं तिथे राहायला हवं. ट्रेनर राहत नाही, कारण त्याला सरळ व्हायचं असतं. उलटं केलं की पंखाचं सपाट पोट वरच्या बाजूला येतं, उचल अपुरी पडते आणि नाक जमिनीकडे झुकू नये म्हणून एलेव्हेटर सतत पुढे दाबून धरावा लागतो. पंख उभा ठेवून, एका कुशीवर सरळ रेषेत उडण्याला नाइफ एज म्हणतात. त्यात नाक वर धरायला रडर द्यावा लागतो. उचललेल्या टोकांचा पंख रडर दिला की लोळायला लागतो, म्हणजे आपण मागितलं एक आणि मिळालं दुसरंच.

कसरतीच्या विमानात म्हणूनच स्वतःचं काही मागणं शिल्लक ठेवलेलं नसतं. पंख आडवा कापून पाहिला तर वरचा आणि खालचा फुगवटा सारखा दिसतो. त्यामुळे विमान सुलटं असो की उलटं, पंखाला फरक पडत नाही. पंख धडाच्या मध्यावर किंवा त्याच्या जवळ बसवलेला असतो आणि टोकं उचललेली नसतात. पंख आणि मागची आडवी शेपटी एकमेकांना जवळजवळ समांतर असतात. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, पंखाच्या बुडापासून टोकापर्यंत लांब. विमान विकत घेताना ते बाजूने, डोळ्याच्या पातळीवर धरून बघा. पंख, शेपटी आणि धडाची मधली रेष समांतर दिसायला हवी. दुकानदार घाई करत असला तरी एवढं पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

शिकण्याच्या विमानानंतर कसरतीचं विमान, हा क्रम मी माझ्या मनाने ठरवलेला नाही. मोठ्या विमानांतही तसंच झालं आहे आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून परत आले. हवेत जाणाऱ्या वस्तूच्या अंगाला लागून हवेचा जो पातळ थर चिकटून चालतो, त्याचं शास्त्र मांडणारे ते प्रांट्ल. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान तयार झालं आणि १९५१ साली उडालं. त्यांच्याच नेतृत्वाखाली आखलेलं किरण हे जेट १९६४ मध्ये उडालं. वायुसेनेची मुलं आधी प्रोपेलरच्या विमानावर आणि नंतर किरणवर शिकली. १९९६ साली बीदरला सूर्यकिरण पथक उभं राहिलं, तेही किरणच्याच सुधारलेल्या आवृत्तीवर. पंखाला पंख लावून कसरती करणारी ती भगवी-पांढरी विमानं ज्यांनी पाहिली असतील त्यांनी घाटगे हे नाव मुलांना जरूर सांगावं. आपल्या शाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांची चित्रं लावतात, त्यांत ते मला अजून दिसलेले नाहीत.

आता कसरतीच्या विमानांतल्या जाती. एका बाजूला स्पर्धेची, रेखीव कसरतीची विमानं. आंतरराष्ट्रीय विमान महासंघाच्या नियमांत या प्रकाराला एफ३ए म्हणतात. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमधल्या ड्यूबेनडॉर्फला झाली आणि अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यांनी ओरायन नावाच्या स्वतःच्या विमानावर ती जिंकली. आजच्या नियमाप्रमाणे या विमानाची लांबी २ मीटर, पंखाचा विस्तार २ मीटर आणि वजन ५ किलो यांच्या आत असावं लागतं. उडवणाऱ्यापासून साधारण १५० मीटर अंतरावर, समोरच्या ठरलेल्या चौकटीत सगळ्या आकृत्या काढायच्या. लूप गोल आहे का, चढताना आणि उतरताना वेग सारखा आहे का, रोल बरोबर मध्यावर झाला का, याला गुण. ही विमानं फार देखणी उडतात.

दुसऱ्या बाजूला थ्रीडी. मोबाइलवर तुम्ही जे पाहता, प्रोपेलरवर लटकून उभं राहिलेलं विमान, शेपूट गवताला लावून परत वर जाणारं, ते हे. त्यात वेगापेक्षा ताकद आणि हलकेपणा महत्त्वाचा. एलेव्हेटर ४५ अंशांपर्यंत किंवा त्याहून जास्त वळतो. विमान उडण्याऐवजी मोटरच्या ओढीवर टांगलेलं असतं.

पहिलं कसरतीचं विमान या दोन्हींच्या मधलं घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं. त्याला स्पोर्ट म्हणतात. १ मीटर ते १.२ मीटर विस्ताराचं, मधल्या पंखाचं, एक्स्ट्रा ३०० किंवा एज ५४० या खऱ्या विमानांच्या धर्तीवर बनवलेलं. रिमोटमध्ये एलेव्हेटर आणि एलेरॉनची हालचाल आधी १० ते १५ अंशांवर बांधून ठेवायची. त्या बंधनात ते शहाण्यासारखं उडतं. सहा महिन्यांनी हात बसला की तेच बंधन सैल करायचं आणि त्याच विमानावर थ्रीडी शिकायचं. दुसरं विमान घ्यावं लागत नाही. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट लहान नाही.

आता वजन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेकांचं चुकतं ते इथे.

एक उदाहरण घेऊ. १.२ मीटर विस्तार आणि सरासरी २६ सेंटिमीटर रुंदी असलेला पंख. त्याचं क्षेत्रफळ झालं साधारण ३१ चौरस डेसिमीटर. याच पंखावर दोन विमानं करू. एक १.१ किलोचं. दुसरं १.७ किलोचं, मोठी बॅटरी, जाड रंग, लोखंडी चाकं आणि दोन जोडण्यांवर भरमसाठ गोंद घातलेलं. पहिल्याच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ३५ ग्रॅम भार आला, दुसऱ्याच्या ५४ ग्रॅम. पहिलं ताशी २८ किलोमीटरच्या आसपास हवेत तरंगायचं बंद होतं, दुसरं ताशी ३५ ला. नुसता आकडा पाहिला तर सात किलोमीटरचाच फरक आहे. पण लूप घ्या. ताशी ६५ किलोमीटर वेगाने ११ मीटर त्रिज्येचा लूप घेतला तर त्याच्या तळाशी विमानावर स्वतःच्या वजनाच्या चौपट भार येतो. भार चौपट झाला की तरंगण्यासाठी लागणारा किमान वेग दुप्पट होतो. हलक्या विमानाला आता ताशी ५६ लागतात. त्याच्याकडे ६५ आहेत, ते लूप पुरा करतं. जड विमानाला लागतात ७०. ते त्या तळाशीच पंखावरची पकड सोडतं, एका अंगावर फेकलं जातं, आणि लोक म्हणतात रिमोटचा सिग्नल गेला. सिग्नल कुठेही गेलेला नसतो, सहाशे ग्रॅम जास्त असतात.

याला इथल्या हवेची भर आहे. कासुर्डी समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान असताना इथल्या हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा १४ टक्क्यांनी कमी असते. डिसेंबरच्या पहाटे, १२ अंशांना, तीच फक्त ५ टक्क्यांनी कमी असते. म्हणजे परदेशी कंपनीच्या खोक्यावर लिहिलेलं वजन-पंखाचं गणित आपल्या उन्हाळ्यात तसंच्या तसं लागू होत नाही. पंखाला कमी हवा मिळते, प्रोपेलरलाही कमी मिळते. त्यामुळे खोक्यावरचं वजन आपल्यासाठी कमाल समजायचं. तराजू घेऊन जा. सोनाराचा नको, किराणा दुकानातला पुरे.

मोठ्या आणि छोट्या विमानांची तुलना मात्र थेट करू नका. आकार दुप्पट झाला तर पंख चौपट होतो पण आकारमान आठपट. म्हणून मोठं विमान पंखावर जास्त भार घेऊनही हलकं उडतं. सारख्या आकाराच्या दोन विमानांत जे हलकं, ते घ्यायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हलकेपणाचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण माणूस बसणाऱ्या विमानाचं आहे. कर्टिस पिट्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९४०च्या दशकात एक चिमुकलं दुपंखी विमान बांधलं. त्या जातीचं एक बेटी स्केल्टन या तरुणीने घेतलं. इंजिन अवघं ८५ अश्वशक्तीचं, रिकाम्या विमानाचं वजन अडीचशे किलोच्या आसपास.  त्या विमानावर तिने १९४९ आणि १९५० ची स्त्रियांची आंतरराष्ट्रीय कसरत स्पर्धा जिंकली. पुढे बसलेल्या मुलींसाठी हे नाव मुद्दाम घेतलं.

ताकदीचं गणित वजनानंतर सोपं होतं. साध्या कसरतींना एका किलोला २२० वॉट पुरतात, थ्रीडीला ३५० ते ४५०. आपल्या १.१ किलोच्या विमानाला ३८५ वॉट धरा. तीन सेलची लायपो बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे प्रवाह ३५ अँपिअर. त्याला ५० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, लावा, ४० चा लावून माळावर जाऊ नका, आपल्या उन्हात तो तापतो. २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी नीट वापरली तर सात-आठ मिनिटं चालते. तेवढी पुरे आहेत. कसरतीच्या एका उड्डाणात आठ मिनिटांनंतर डोळे थकतात, हात सैल होतो. मोठी बॅटरी घालून बारा मिनिटं करण्यात विमान जड होतं आणि शेवटची चार मिनिटं धोक्याची होतात. प्रोपेलर मोठ्या व्यासाचा, कमी पीचचा घ्या, उदाहरणार्थ १२ बाय ६. पहिला आकडा व्यास, दुसरा एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, दोन्ही इंचांत. कमी पीचचा प्रोपेलर खाली येताना ब्रेकसारखा धरून ठेवतो, वेग वाढू देत नाही. लूपचा उतरता भाग गोल यायचा तर हे हवंच.

सर्व्होवर, म्हणजे हलते भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, काटकसर करू नका. पंखातला सर्व्हो हातात धरून त्याचा दांडा हलवून बघा. किंचितही खडखड असेल तर तो कसरतीला चालत नाही. एलेरॉनच्या बिजागरीत, सळईच्या टोकाला, दांड्याच्या भोकात थोडी थोडी ढिलाई जमली की काडी मध्यावर असूनही विमान डोलत राहतं, आणि उडवणारा स्वतःला दोष देत बसतो.

आता दुरुस्ती. विमान पडणार आहे. उलटं उडायला शिकताना मेंदू एकदा तरी एलेव्हेटर उलटा देतोच, ते टळत नाही. म्हणून पहिलं विमान कशाचं आहे हे फार महत्त्वाचं. बाल्साचं लाकूड इक्वेडोरहून येतं. ते सुंदर असतं, ताठ असतं, हलकं असतं, आणि आदळलं की त्याच्या काड्या होतात. ते तिसऱ्या विमानासाठी ठेवा. ईपीपी नावाचा फोम रबरासारखा लवचिक असतो. आदळला तर बहुतेकदा उसळतो, फाटला तर फोमच्या गोंदाने दहा मिनिटांत चिकटतो. आपल्याकडची मुलं बायोफोमच्या शीट वापरतात. त्या कडक आणि स्वस्त, पण तुटतात. मात्र चार मिलिमीटरच्या कार्बन रॉडचा कणा घातला की चांगल्या टिकतात. सपाट शीटचं ७० ते ८० सेंटिमीटरचं विमान अडीच-तीनशे ग्रॅममध्ये घरी होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत टेबल, धारदार कटर आणि पट्टी एवढं असलं तरी मुलं ते करू शकतात.

घरी करण्याला आणखी एक कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने तयार ड्रोनची आयात बंद केली आणि सुटे भाग मोकळे ठेवले. तयार विमान परदेशातून मागवलं की कस्टममध्ये ते कुठल्या खात्यात धरलं जाईल याची काळजी राहते. मोटर, सर्व्हो, ईएससी, रिसीव्हर देशातल्या दुकानांतून घ्यायचे आणि सांगाडा इथे करायचा, ही वाट सरळ आहे. एक तुटलेला पंख मिळायला महिनाभर थांबावं लागलं तर मुलाचा हात मोडतो, म्हणजे शिकलेलं विसरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान परत माळावर न्यायला मिळालं तर तो शिकतो. विमान निवडण्याची माझी शेवटची कसोटी हीच आहे.

पुण्यात सदानंद काळे यांनी अनेक वर्षं एरोमॉडेलिंगची प्रात्यक्षिकं केली आहेत. अशी प्रात्यक्षिकं जिथे होतील तिथे मुलांना घेऊन जावं. उडताना पाहिलेलं विमान आणि जाहिरातीत पाहिलेलं विमान यांत फरक असतो. कॉलेजात गेलेल्यांनी एनसीसीच्या हवाई शाखेची चौकशी करावी. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. त्यात तारेवरचं विमानही असतं. उडवणारा मध्ये उभा राहतो, विमान दोन तारांच्या आधाराने त्याच्याभोवती फिरतं, आणि त्यावर लूपही घेता येतो. रेडिओशिवाय कसरतीचा हात बसवायला ते फार चांगलं.

आपल्या गावात हे कुठे उडवायचं? सुगी झाल्यावर ज्वारीची खळी मोकळी होतात, तेव्हा सकाळी उत्तम. वारा साडेनऊपर्यंत पडलेला असतो. आषाढातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात छोटं विमान काढू नका. विमान कधीच उसाच्या बाजूला उडवू नका. दोन माणसांच्या उंचीच्या उसात पांढरं विमान सापडत नाही, आणि ते शोधायला पिकात शिरलं तर ज्याचं शेत त्याचं नुकसान. महामार्गाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे विमान नेहमी रानाच्या बाजूला राहील. विजेच्या तारा आणि डीपी कुठे आहेत हे आधी चालत जाऊन पाहायचं. घारी अंगावर आल्या तर विमान खाली आणायचं. घारीला वरून झडप घालायची सवय असते, आणि प्रोपेलर तिला कापतो. पंखाची खालची बाजू आणि वरची बाजू वेगळ्या, भडक रंगांत रंगवा. उलटं की सुलटं, हे अर्ध्या सेकंदात कळलं पाहिजे.

कायद्याचं थोडं सांगायलाच हवं. ड्रोन नियम, २०२१ रिमोटवरच्या विमानांनाही लागू आहेत. छंदासाठी, डोळ्यासमोर उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला तिथे मॉडेल म्हटलं आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. मायक्रोपर्यंत आणि व्यवसायासाठी नसेल तर उडवणाऱ्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. सरकारी ड्रोन नकाशातल्या हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येतं. आपलं शेत कुठल्या रंगात येतं ते आणि नोंदणीच्या अटी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर पाहून घ्या. डोंगरापलीकडे पारगाव, खानवडीच्या बाजूला पुरंदरचं विमानतळ प्रस्तावित आहे. ते झालं तर नकाशा बदलेल, म्हणून दर हंगामाला परत पाहा. आता यात एक गंमतीची नव्हे, कामाची गोष्ट आहे. स्पर्धेच्या २ मीटरच्या विमानाची चौकट १५० मीटर अंतरावर ६० अंशांपर्यंत चढते, म्हणजे उंची २६० मीटर. ती आपल्या १२० मीटरच्या छताखाली बसतच नाही. आपल्या १.१ किलोच्या विमानाचा लूप २२ मीटर व्यासाचा. तो त्या छताखाली आरामात बसतो, दोन रोल आणि एक स्टॉल टर्न, म्हणजे उभं चढून वेग संपताच कुशीवर वळून खाली येणं, यांच्यासकट. २ किलोच्या आतलं विमान घ्या असं मी म्हणतो, त्यात हवेचं गणित आहे आणि कायद्याचंही.

काही जण रिसीव्हरमध्ये जायरो असलेलं विमान घेतात. तो वाऱ्याचे धक्के शोषून घेतो आणि विमान सरळ ठेवतो. ट्रेनरवर तो जरूर वापरा. कसरत शिकताना बंद ठेवा, कारण रडर आणि एलेरॉन एकमेकांना कसे खेचतात हे हाताला त्याच्याशिवायच कळतं. हात बसल्यावर वाऱ्याच्या दिवशी पुन्हा चालू करायला माझी हरकत नाही.

विमान घेतलं, पहिलं उड्डाण झालं. निवड बरोबर झाली का, हे कसं ओळखायचं? आधी गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर तो हवा. २६ सेंटिमीटरच्या पंखात साडेसहा ते पावणेआठ सेंटिमीटर. पहिल्या दिवशी साडेसहावर ठेवा. मग चांगली उंची घ्या, विमान उलटं करा, ४५ अंशांत वर चढवा आणि एलेव्हेटर सोडून द्या. नाक लगेच जमिनीकडे वळलं तर विमान पुढून जड आहे. आणखी वर चढू लागलं तर मागून जड आहे, तातडीने उतरवा. थोडा वेळ आपली रेष धरून मग हळूहळू खाली आलं तर बरोबर. त्यानंतर नाइफ एज करा. रडरवर विमान कुशीवर चालताना ते चाकांकडे किंवा छताकडे ओढलं जातं का, लोळतं का, ते बघा. चाकांकडे थोडं ओढलं जाणं बहुतेक विमानांत असतं, ते रिमोटमध्ये रडरला किंचित एलेव्हेटर जोडून जातं. पुढून जड निघालं तर बॅटरी अर्धा सेंटिमीटर मागे सरकवा, वेल्क्रोचा पट्टा घट्ट आवळा, आणि उलटी ४५ अंशांची चढण पुन्हा एकदा घेऊन बघा.